मी हललो नाही

खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पाग टाकायचा, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, तर आधी शिकायचं ते फेकणं नाही. उभं राहणं. बोय ही मासळी हुशार. तुम्ही कोण, कसे, याच्याशी तिला घेणंदेणं नाही. हललात की गेली. नाही हललात तर मांडीला घासून जाते. आगरदांड्याच्या खाडीत मी सगळा जन्म असाच काढला. घरीही तसाच. जेवलो की भिंतीला टेकून बसायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. बायको म्हणायची, "बापानं मला खांबाशी लावून दिली."

मग तिचे डोळे गेले. सगळे नाही, मधलं गेलं. तांदळातला खडा दिसेना, समोरच्या माणसाच्या तोंडाजागी नुसता डाग. पण अंगणात वाळत घातलेल्या जवळ्याच्या मासळीवर कावळा उतरला की माझ्याआधी हिची काठी उठायची.

मी म्हटलं, "सोंग करतेस गो. कावळा दिसतो नि नवरा दिसत न्हाय?"

"कावळा हलतो तरी," ती म्हणाली.

अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे नेली, तिथंही मी हेच विचारलं. अक्कल तेवढीच. डॉक्टरीण हसली नाही. म्हणाली, "काका, सोंग नाही. डोळ्याच्या मागं पडदा असतो. त्याचा मधला भाग बारीक बघतो, तो यांचा खराब झालाय. कडा चांगल्या आहेत. कडांना चेहरा ओळखता येत नाही, पण काही हललं की लगेच कळतं. थांबलेलं माणूस भिंतीत मिसळून जातं."

त्या पडद्यात म्हणे नसांची जाळी असते, एकाखाली एक. जाळी म्हटल्यावर मी नीट ऐकायला लागलो. त्यातल्या काही पेशी थांबलेल्याला विचारतच नाहीत. हललं की ओरडतात. तेही वाटून घेतलेलं, एक डावीकडून येणाऱ्याला, दुसरी उजवीकडून येणाऱ्याला.

"त्यांना दिशा कशी कळते?" मी विचारलं.

तिनं टेबलावर बोट सरकवून दाखवलं. पेशीच्या एका अंगाला 'गप' सांगणारी शेजारीण असते. हालचाल तिच्या बाजूनं आली तर 'गप' आधी पोचतं, पेशी बोलत नाही. दुसऱ्या बाजूनं आली तर खबर आधी पुढं जाते, 'गप' मागाहून येतं. आणि काही पेशी अशा, की सगळंच मिळून हललं तर त्या गप्प. एकटं, वेगळं हललं तरच बोलतात.

मला पटलं. बोयीचा डोळाही असाच असणार. परतीच्या एसटीत मी बायकोला म्हटलं, "चुकलो." लग्नानंतर पहिल्यांदाच म्हटलं असेल.

तेव्हापासून ती विचारायची, "हाय का तुमी?" मी हात हलवायचा. समोर नाही, बाजूनं, तिच्या कानाच्या अंगाला. मग तीच म्हणायची, "हाय." वारा सुटला की माड, दोरीवरची लुगडी सगळीच एका बाजूला हलायची, तेव्हा मी उलटा हलवायचो. तरी सापडायचो.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून घरी आणली ती आता काही होणार नाही म्हणूनच. चार दिवस तिला झोप नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी डोळा लागला. मी उशाशी बसलो होतो. पाय आखडले, माशी नाकावर बसली, मी हललो नाही. उभा जन्म तेच तर शिकलो होतो.

मधेच तिनं डोळे उघडले. माझ्याकडेच बघितलं, सरळ. मी श्वास धरला. वाटलं, हललो तर पुरती जागी होईल, गप्प राहिलो तर परत झोपेल. पाण्यात मासा जवळ आला की करतो तसंच केलं.

दारातून सून गेली. ती हलली, ती हिला दिसली. बारीक आवाजात हिनं विचारलं, "ते गेले काय गो खाडीवर?"

"नाय वो आई, हे काय, बाबा तुमच्या उशाशीच हायत," सून म्हणाली.

मी हात हलवला. जोरानं हलवला, दोन्ही बाजूंनी. तोवर तिचे डोळे मिटले होते. ते परत उघडले नाहीत. सुनेचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं की नाही, कोण सांगणार? सून म्हणते पोचलं. ती चांगली पोर आहे, दुसरं काय म्हणेल.

आता खाडीत उभा राहतो तर पाय स्थिर राहत नाही. बोय लांबूनच वळते. पाग कोरडाच खांद्यावर टाकून घरी येतो, भिंतीला टेकून बसतो.

परवा सून म्हणाली, "बाबा, तुमच्या हाताला कंप सुटलाय. अलिबागला दाखवून येऊ या."

मी म्हटलं, "कंप न्हाय. मी हलवतोय."