सर म्हणाले ‘बिडी’

कोरोनात आयटीआय बंद झालं आणि सुनेचा इलेक्ट्रिशियनचा वर्ग आमच्या निपाणीच्या घरात, मोबाईलवर भरू लागला. फोन धरायला मी. तिला घरबसल्या सर मिळाले, आणि मी असली वायरिंगची कामं जन्मभर दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघून शिकले. लई जळायची बघा मी.

एकदा ती जुन्या पंख्याची वायर ओढत होती, तर सर कन्नडमध्ये ओरडले, “बिडी, बिडी!”

सून कोल्हापूरकडची, तिला कन्नड येत नव्हतं. म्हणाली, “आत्या, सरांना बिडी पायजे व्हय?”

“अगं, सोड म्हणतायत! तुटंल ती.”

सर हसून मराठीत म्हणाले, “मागं कोण हाय? सासूबाई? त्यांना करू द्या की.”

मी लगेच फोन सुनेच्या हातात कोंबला आणि पक्कड घेतली. म्हटलं, “आता तू बघ.”