बिनमजुरीचा कारभारी

“मेलेल्या दोस्ताच्या कामाची मजुरी घेत नसतात,” असं निवृत्तीनाना मोतीरामच्या दहाव्याला चारचौघांत बोलला, आणि तिथंच फसला.

सातपूरच्या कारखान्यात दोघांनी एकाच लेथवर उमेदीची वर्षं घालवलेली. मृत्युपत्र करताना मोतीरामने नानालाच व्यवस्थापक नेमलं. दिंडोरीची द्राक्षबाग मुलगा महेश आणि मुलगी शुभांगी यांना निम्मी-निम्मी. वाटणी होईपर्यंत बाग नानाने सांभाळायची, आणि त्या कष्टापोटी विहिरीकडच्या दोन ओळींचा माल त्याचा. मोतीराम कुणाला फुकट राबवून घेणारा नव्हता. नानाने त्या ओळींतला एक मणीही तोडला नाही.

सातपूरहून मोटारसायकलवर तो येत राहिला. छाटणी, फवारणी, व्यापाऱ्याशी घासाघीस. गाव मात्र वेगळाच हिशोब मांडत होतं. महेश पारावर म्हणाला, “म्हातारं लय साधं नाय. दोन ओळी सोडतंय म्हणजे डोळा अख्ख्या बागेवर हाय.” लोक हसले. ते कानावर आलं तेव्हा नानाची कानशिलं तापली. पण बाग फुलोऱ्यात होती, भांडायला सवड नव्हती.

माल उतरल्यावर वाटणी ठरली. त्या सकाळी नाना घरी पोचला तर ओसरीवर पाहुणे, आतून पुरणाचा वास. शुभांगी नव्या साडीत, ओटी भरलेली. नानाला सांगावं लागलं नाही. भावाने साडीचोळी केली होती, बहिणीने बागेतल्या आपल्या हिश्श्याचं हक्कसोड.

“कधी?”

“काल, तालुक्याला,” महेश म्हणाला. “घरचा मामला, नाना. तुम्हाला कशाला तरास?”

“तुझ्या बापानं मला नेमलं होतं.”

“नेमलेला माणूस मजुरी घेतो. तुम्ही कुठं घेतली? तुम्ही आपले मायेपोटी येत होता.”

पाहुण्यांत कुणीतरी खोकलं. बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मजुरी घेतली असती तर तो कामावरचा माणूस ठरला असता, जाब विचारू शकला असता. आता तो नुसता येणारा-जाणारा.

“पोरी, बापानं दिलं होतं तुला,” तो शुभांगीकडे वळून म्हणाला.

तिने वर पाहिलं नाही. “मग दिवाळीला कुणाच्या दारात जाऊ, नाना?”

महेशने टॉवेल-टोपी पुढे केली, पायाशी द्राक्षांची पेटी सरकवली. “तुमच्या ओळींतली हायेत. आता तरी घ्या.”

टोपी तशीच महेशच्या हातात राहिली. नानाने पेटी ओलांडली, पायऱ्यांवर चपला शोधल्या आणि मोटारसायकल सुरू केली.