लल्लनचाचांचं वजन

बनारसमधला आमचा मराठी मोहल्ला, दूधविनायक, सोडला त्या सकाळी माझी ट्रंक बाबांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली. आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, मैदागिनच्या चौकापर्यंत पायीच जायचं. पाठशाळेत संस्कृत शिकवणारे बाबा ट्रंक सावरत पुढे, आणि मागून आईच्या सूचना. "वेळेवर जेव. आणि तिकडे नीट मराठी बोल गं, आपलं हसं नको व्हायला." पुण्याच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला होता. गल्लीतून डॉक्टर व्हायला निघालेली मी पहिलीच मुलगी.

हसं झालंच. होस्टेलवर पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "मी नहाऊन येते, खिडकी बंद करा, मला ठंडी लागतेय," आणि खोलीतल्या दोघी पोट धरून हसल्या. बनारसमध्ये आम्ही 'मराठी लोग', पुण्यात मी 'यूपीवाली'.

एमडी झाले, वॉर्डात बरीच वर्षं काढली. हृदय कमजोर झालेले तेच तेच पेशंट धापा टाकत परत यायचे आणि दारात येईपर्यंत आम्हाला त्यांचा पत्ता नसायचा. म्हणून हॉस्पिटलनं पेशंटवर लांबून लक्ष ठेवायचा विभाग काढला तेव्हा मी ओपीडी सोडून त्याची प्रमुख झाले. पेशंटच्या घरी वजनकाटा आणि बीपीचं मशीन, आकडे मोबाइलवरून पुण्यातल्या आमच्या नर्सेसकडे. आता समोर एक पेशंट नव्हता, अख्ख्या वस्त्या होत्या. जे दवाखान्याची पायरी चढत नाहीत, तेही माझेच. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "डॉक्टर नाडी बघतो. तू मीटिंगा घेणार?"

काम वाढलं तेव्हा मी हट्टानं बनारस मागून घेतलं, आणि तिथेच तोंडावर आपटले. दूधविनायकापासून पंचगंगा घाटापर्यंतच्या घरांतून येणारे आकडे वेडेवाकडे. एकाच माणसाचं वजन आज पंचावन्न, उद्या एकसष्ट, परवा त्रेपन्न. नर्स घाबरून फोन करायच्या तर पेशंट ठणठणीत. मग नर्सेसनी फोन करणं सोडलं आणि पेशंटांनी काट्यावर चढणं. बैठकीत आमचे संचालक शांतपणे म्हणाले, "मॅडम, तिथल्या लोकांना हे जमणारं नाही. बंद करू." माझ्याच माणसांबद्दल बोलत होते ते. कसेबसे दोन महिने मागून घेतले.

त्याच आठवड्यात बनारस गाठलं. आईला घेऊन पंचगंगा घाटावरच्या लल्लनचाचांकडे गेले. चाचा जन्मभर गंगेत नाव चालवलेले, आता हृदयाचे पेशंट. ते काट्यावर चढले. मी आकड्याकडे बघत होते, आई खाली वाकून काट्याच्या पायांकडे. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेली बाई ती. म्हणाली, "लोकांना काय नावं ठेवता? तुमचं मशीनच डुगडुगतंय!"

जुन्या घरांतली दगडी फरशी. एकही जागा सपाट नाही. आम्ही काटे तपासले होते ऑफिसातल्या गुळगुळीत टाइल्सवर. त्या दगडांवरच रांगायला शिकलेल्या मला हे सुचू नये? बैठकीत वाटली नव्हती एवढी लाज तेव्हा वाटली.

सुताराकडून जाड फळ्या कापून घेतल्या, खाली रबर ठोकलं. चार दिवस आई आणि मी घरोघर हिंडून पाणसळीनं पातळी बघत एकेक फळी बसवत होतो. आई प्रत्येक सुनेला बजावायची, "बहू, रोज सुबह, इसी पटरे पर."

आकडे सरळ झाले. मी पुण्याला परतले आणि तिसऱ्या आठवड्यात लल्लनचाचांचं वजन दोन दिवसांत अडीच किलोंनी वाढलं. नर्सनं फोन केला तर चाचा हसले. "अरे, न्योता रहा, पूड़ी जादा खा लिए." पूर्वी आम्हीही हसून सोडून दिलं असतं. आता आकड्यावर भरवसा होता. मी आईला पिटाळलं. थोड्याच वेळात तिचा फोन आला. "पाय सुजलेत गं. आणि सून म्हणते, दोन दिवस झाले, आडवं पडलं की दम लागतो, बसूनच झोपतात."

अंगात पाणी साठत होतं. आमची तिथली नर्स गल्ल्या तुडवत पोचली, मी व्हिडिओवरून तपासलं, औषध वाढवलं, सकाळ-संध्याकाळ फोन ठेवला. चार दिवसांत वजन उतरलं. चाचांना हॉस्पिटलात न्यावंच लागलं नाही. आईनं कळवलं, "आडवे होऊन घोरतायत!" मी केबिनमध्ये एकटीच मोठ्यानं हसले, मग रडले.

दोन महिन्यांनी बैठकीत मी एक फळी नेली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. "त्यांना जमत होतं. आपल्याला जमत नव्हतं." संचालकांनी फळी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "सगळीकडे पाठवा." आज ती काट्याबरोबर गाझीपूरपासून गडचिरोलीपर्यंत जाते. बनारसला आमचं स्वतःचं केंद्र आहे, तिथल्याच मुली ते चालवतात. आणि बाबा घाटावर ओळख करून देतात, "हमारी बेटी है. पूरे मोहल्ले की डॉक्टर."

आपल्या गल्लीतून पुणे, नागपूर, टोरँटोला पांगलेल्यांनो, घर मागे राहिलं असं मीही वर्षानुवर्षं म्हणत आले. आता रोज सकाळी माझ्या स्क्रीनवर दूधविनायकातल्या एकेका घराची खूण आकडा आला की हिरवी होत जाते. कोणीतरी उठलं, काट्यावर चढलं, बरं आहे. एखादी खूण हिरवी होत नाही तोवर मला चहा गोड लागत नाही. मी फोन लावते आणि पलीकडून कोणीतरी जांभई देत म्हणतं, "अरे बिटिया, अभी तो सोकर उठे हैं!" तेवढा वेळ मी पुण्यात नसते.