पार्किंगमधले दोन हिवाळे

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहत होतो तोवर बर्फ म्हणजे सकाळी गाडी खणून काढायची कटकट, एवढाच त्याचा अर्थ होता. मी नागपूरची, नवरा पुण्याचा. बर्फात मुद्दाम जाऊन कुणी मजा करतं हे आम्हाला ऐकून माहीत होतं, इतकंच. मग नवऱ्याच्या कंपनीने अर्धं ऑफिस घरी पाठवलं, त्यात तोही गेला. व्हिसावरच्या माणसाला निवांत नोकरी शोधायची सोय नसते. मिळाली ती न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, एका लहान गावातल्या विमा कंपनीत. तिथल्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून महिनोन्‌महिने पुरतील एवढ्या डाळी आणि पिठं भरून आम्ही निघालो. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती आणि वाटभर रडत होती.

त्या गावात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत करण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे स्कीइंगची टेकडी. तिला सगळे नुसतं ‘द हिल’ म्हणत. मोठ्या रिसॉर्टसारखं तिथे काही नव्हतं. एक कुरकुरणारी लिफ्ट, लहान मुलांना धरून वर जायला एक फिरता दोर, आणि पायथ्याशी लाकडी लॉज. लॉजमध्ये ओल्या मोज्यांचा आणि गरम चॉकलेटचा मिसळलेला वास कायम भरलेला असायचा. टेकडी गावाचीच होती. तिकीट फाडण्यापासून कुंपण बांधण्यापर्यंत सगळी कामं गावातलेच लोक फुकट करायचे. शाळेची बस मुलांना आठवड्यातून एकदा तिथे न्यायची. पहिल्याच हिवाळ्यात आमची मुलगी स्कीवर अशी उभी राहिली की जणू जन्मली तेव्हाच पायाला लावून आली होती. तिथेच तिला मैत्रीण मिळाली, आणि त्या मैत्रिणीच्या आईच्या रूपाने मलाही.

मैत्रिणीची आई लॉजचं स्वयंपाकघर सांभाळायची. उंच, लाल गालांची, मोठ्याने हसणारी बाई. पहिल्या भेटीतच तिने माझ्या हातात कांद्याची पिशवी दिली आणि म्हणाली, “चिरता येतो ना?” त्या दिवसापासून टेकडीवर काहीही कार्यक्रम असला की मी तिच्या शेजारी उभी. राजम्याची, बिनमांसाची चिली, म्हणजे आपली दाट उसळच, मी करायचे. त्यात चिमूटभर गोडा मसाला घालायचे, तो कुणाला ओळखता यायचा नाही, पण लोक पुन्हा वाढून घ्यायचे. मला त्या देशात काम करायची परवानगी नव्हती. दिवसभर घरात बसून असलेल्या बाईला कुणीतरी हाक मारून “मीठ बघ गं जरा” म्हणावं, याचं मोल काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. मी तिला अगं-तुगं करायचे ते मनातल्या मनात, पण करायचे.

नवरा चाळिशीला आलेला. त्याने लायब्ररीतून व्हिडिओ कॅसेट आणून, हॉलमध्ये गालिच्यावर गुडघे वाकवून स्कीइंगचा अभ्यास केला. मुलगी हसून लोळायची. टेकडीवर तो इतका पडायचा की लिफ्ट चालवणारा म्हातारा त्याला टाळ्या वाजवून दाद द्यायचा. पण शिकला. स्कीची टोकं जवळ आणून पाचरीसारखी धरायची, मग वेग कमी होतो, हे त्याला जमायला लागलं. नोकरी गेल्यापासून खांदे पाडून चालणारा माझा नवरा तिथे ताठ दिसायचा. “यार, इथे कुणी विचारत नाही तुझं ग्रीन कार्ड कुठवर आलं,” असं तो एकदा गाडीत म्हणाला होता.

तिसऱ्या हिवाळ्यात, टेकडीच्या वार्षिक जत्रेच्या दिवशी ते घडलं. जत्रा म्हणजे पुठ्ठ्याच्या घसरगाड्यांची शर्यत, लहानग्यांची स्पर्धा, अंधार पडला की मशाली घेऊन वरून खाली येणारी रांग. दुपारी ऊन होतं, बर्फ वरवर वितळला. मग सावली पडली आणि वितळलेलं पुन्हा गोठलं. त्याची काचेसारखी कडक साय झाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चिली ढवळत होते, म्हणून मला दिसलं. नवरा मधल्या उतारावरून येत होता. पाचर धरली होती, पण स्की नुसत्या घासत खाली येत होत्या, धरतच नव्हत्या. मग त्या एकमेकींवर चढल्या. तो ओरडला असावा, काचेमुळे मला ऐकू आलं नाही. पायथ्याशी जांभळ्या जॅकेटमधली एक लहान मुलगी खाली पडलेला हातमोजा उचलायला वाकली होती. तो तिच्यावर जाऊन आदळला.

ती मैत्रिणीची धाकटी बहीण होती. सहा वर्षांची.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या तिच्या आईनेही ते पाहिलं. हातातला डाव टाकून ती धावली. मी मागोमाग. लाल जॅकेटवाले मदतनीस पोचले होते. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण मांडीचं हाड मोडलं होतं, पाय भलत्याच दिशेला पडला होता. नवरा गुडघ्यांवर बसून “मला थांबता आलं नाही, मला थांबता आलं नाही” एवढंच म्हणत होता, मराठीत. कुणाला कळणार? मैत्रिणीच्या आईने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो तिथे असूच नये, असं काहीतरी होतं.

टेकडीवाल्यांनी चौकशी केली, सगळ्यांना विचारलं, आणि तो अपघातच ठरला. जर्सी सिटीतल्या एका मित्राला नवऱ्याने फोन केला. तो म्हणाला, “काही बोलू नकोस. सॉरी तर अजिबात म्हणू नकोस. सॉरी म्हणजे कबुली. तुझी ग्रीन कार्डची केस चालू आहे, उद्या काय होईल सांगता येत नाही.” मलाही भीती वाटत होतीच. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत आमच्या रंगाच्या माणसाकडे लोक वळून बघायचे, ते आम्ही मनावर न घेण्याची सवय करून घेतली होती. आता दुकानात कुणी बोलता बोलता थांबलं की वाटायचं, आपल्याबद्दलच.

तरी नवरा दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेला. मी बरोबर होते. ऑपरेशन झालं होतं, हाडाला धातूची पट्टी बसवली होती. त्या लहान मुलीचे वडील कॉरिडॉरमध्ये उभे होते. गावात छपरं बसवण्याचं काम करणारा, कमी बोलणारा माणूस. नवऱ्याने तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. “आत्ता नको,” ते म्हणाले. “प्लीज, आत्ता नको.” आम्ही परत आलो. आणलेलं टेडी बेअर गाडीच्या मागच्या सीटवर कितीतरी दिवस पडून होतं. शेवटी मीच ते एका पिशवीत घालून कपाटात ठेवलं.

गाव वाईट वागलं, असं मी म्हणणार नाही. कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण स्वयंपाकघरातून मला फोन येईना, आणि आपण होऊन जायचं धैर्य मला झालं नाही. आमच्या मुलीला तिच्या मैत्रिणीने एका शब्दाने दुखावलं नाही, फक्त डब्याच्या सुट्टीत तिच्यासाठी जागा धरणं बंद केलं. त्या दिवशी मुलगी घरी आली, दप्तर टाकलं आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

“यू डिडन्ट हॅव टू स्की, बाबा. नोबडी आस्क्ड यू टू.”

“खरंय,” तो म्हणाला.

त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं. मुलगी खोलीत गेली. तो ताट पुढे घेऊन बसला आणि भात चिवडत राहिला. त्याचं झोपेत दचकणं तेव्हापासून सुरू झालं. मी कुशीवर वळून विचारायचे, काय झालं? तो म्हणायचा, काही नाही, झोप तू.

पुढच्या हिवाळ्यात मुलगी शाळेच्या स्की टीममध्ये निवडली गेली. मला वाटलं होतं ती टेकडीचं नावही काढणार नाही. पण ती म्हणाली, तिथे गेलं नाही तर या गावात मी कोणीच नाही. बर्फात गाडी चालवायला मी घाबरायचे. म्हणून दर शनिवारी नवराच तिला सोडायचा. घरी परतून पुन्हा आणायला जाण्यात अर्थ नव्हता आणि लॉजमध्ये पाऊल टाकणं त्याच्याने होत नव्हतं. तो पार्किंगमध्ये गाडीतच बसायचा. इंजिन थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. मांडीवर लॅपटॉप, काचेवर वाफ. मुलगी शर्यत संपवून यायची, मागे बसायची, “लेट्स गो” म्हणायची. जिंकली की हरली ते आम्हाला शाळेच्या बातमीपत्रातून कळायचं. सबंध हिवाळा असाच गेला. दुसराही तसाच निघाला होता.

त्या दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीला एका शनिवारी मीही बरोबर गेले. घरून पोळीचे रोल करून नेले होते, ते आम्ही गाडीत खात होतो. काचेवर टकटक झाली. बाहेर पाय मोडलेल्या त्या मुलीचे वडील. नवऱ्याने काच खाली केली.

“इथे बसून किती दिवस काढणार?” त्यांनी विचारलं.

“मी इथे ठीक आहे,” नवरा म्हणाला.

“माझी मुलगी आत आहे. पळते आहे, खेळते आहे. मग तुम्ही इथे बसून कुणाचं भलं करताय? खोटं बोलणार नाही. तुम्हाला पाहिलं की मला अजून राग येतो. पण ही गाडी पाहिली तरी तेवढाच येतो. तेव्हा आत या. थंडी आहे.”

एवढं बोलून ते चालायला लागले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी रोल डब्यात ठेवला आणि दार उघडलं.

आत गेलो. दोन-चार लोकांनी मान हलवली, लिफ्टवाल्या म्हाताऱ्याने हात उंचावला. आम्ही भिंतीकडेच्या बाकावर बसलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्या मुलीची आई पाठमोरी होती. आम्ही आल्याचं तिला कळलं होतं, पण ती वळली नाही.

थोड्या वेळाने ती मुलगी आली. पुढचे दात मोठे आलेले, गालाला चॉकलेट लागलेलं. नवऱ्यासमोर उभी राहून तिने सरळ विचारलं, “तुम्हीच का ते?”

“हो,” तो म्हणाला. “मीच.”

“मला काहीच आठवत नाही. आई सांगत नाही. मी रडले होते का?”

“लगेच नाही. आधी तू नुसती माझ्याकडे बघत होतीस. मग रडलीस.”

“जोरात?”

“खूप जोरात.”

“आणि तुम्ही?”

“मीसुद्धा.”

तिने यावर विचार केला. मग पाय पुढे करून बूट दाखवला. “याचा तळ जाड केलाय. हा पाय थोडा लहान राहिला ना. पण कुणाला कळत नाही.”

“मलाही कळलं नाही.”

“खोटं.”

“हो,” तो म्हणाला, “खोटं. तू आत आलीस तेव्हाच मला कळलं.” आणि मग, दोन वर्षं सांगायचं राहिलेलं ते त्याने तिला सांगितलं, इंग्रजीत, हळू, जणू पाठ केलेलं असावं तसं: त्याला फार वाईट वाटतं, त्याला थांबता आलं नाही, आणि चूक तिची अजिबात नव्हती.

“ओके,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या मुलांकडे पळाली. पळताना पाय किंचित फेकत होती. नवरा भिंतीकडे तोंड करून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. आमची मुलगी शर्यतीचा नंबर छातीवर बांधून दारात उभी होती. किती ऐकलं होतं तिने, कोण जाणे. ती आत आली नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. नवरा झोपेत दचकायचा तो दचकतच राहिला. मुलीची मैत्रीण परत आली नाही. त्या वयात तुटलेलं तसंच राहतं, दोघी वेगळ्या घोळक्यांत गेल्या. पण घरी येताना गाडीत मुलीने आपण होऊन सांगितलं की ती तिसरी आली. नवऱ्याने वळणं, काठ्यांमधली दारं, वेळ, सगळं विचारलं, आणि तिने सगळं सांगितलं.

त्याच उन्हाळ्यात टेक्ससमध्ये, फ्रिस्कोला, चांगली नोकरी आली. सामान न्यायला ट्रक आला, त्या सकाळी त्या मुलीचे वडील सामान बांधायचे आपले पट्टे घेऊन आले आणि न विचारता गाद्या बांधायला लागले. त्यांची गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. आत त्यांची बायको होती. मी गेले. तिने काच खाली केली, पण हात स्टिअरिंगवरच ठेवले.

“त्याने मुद्दाम केलं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” ती म्हणाली. “फक्त मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. म्हणून तुझ्याकडेही बघितलं नाही.”

“माहितीये,” मी म्हणाले.

मला खूप बोलायचं होतं. त्या स्वयंपाकघराविना माझे हिवाळे कसे गेले, ते सांगायचं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती समोर रस्त्याकडे बघत होती. मग तिचा नवरा येऊन बसला आणि ती गाडी घेऊन गेली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. घरातून माझा नवरा विचारत होता, फ्रिजमधलं उरलेलं दूध ओतून टाकू का.