बकऱ्याच्या डोक्यावरची टोपी

गेल्या बकरी ईदच्या आधी आमच्या नेरूळच्या सोसायटीत कमिटीने नोटीस लावली, आवारात बकरा आणायचा नाही. मुसलमान घर एकच, आमच्या खालच्या मजल्यावरचं. तिथले भाई मूळचे उरणकडचे, ईदला दरवर्षी गावी जाणारे. सोसायटीत बकरा कधी आलाच नव्हता. मला त्या नोटिशीचा राग आला आणि हसूही. शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेली, हात स्वस्थ बसेना. गेटवर जाळीची टोपी घातलेला बकरा उभा आहे आणि अख्खी कमिटी त्याचं आधार कार्ड तपासतेय, असं व्यंगचित्र काढून मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं.

चार दिवसांनी तेच चित्र खांदेश्वरच्या भाचीकडून मला परत आलं. कमिटी कापून टाकलेली. नुसता टोपीवाला बकरा, खाली छापलेलं, ‘यांना हाकला’. आणि कोपऱ्यात माझी सही.

मग पोलीस ठाण्यातून फोन आला. तक्रार आलीय, दोन समाजांत तेढ वाढवल्याची, उद्या जबाब द्यायला या. पेपरात वाचलेले शब्द माझ्या नावापुढे ऐकून मी जेवण अर्धवट सोडून भावाला फोन लावला. नवरा म्हणाला, माफी मागून मोकळी हो. वकील असलेला भाऊ म्हणाला, तोंडच उघडू नकोस.

सकाळी मी आधी खाली गेले. भाईंनी आत बसवलं. थट्टा कमिटीची केली होती, असं मी त्यांना सांगू लागले. ते म्हणाले, मूळ चित्र ग्रुपवर पाहिलं तेव्हाच टोचलं होतं.

“टोपी माझीच होती ना, बाई?”

जाळीची नक्षी त्यांच्याच टोपीची होती.

तरीही ते माझ्यासोबत ठाण्यावर आले. साहेबांसमोर मोबाइलवर दोन्ही चित्रं ठेवली. “बाईंच्या चित्राचं मला वाईट वाटलं, ते आमचं आम्ही बघू. त्यासाठी केस नको,” ते शांतपणे म्हणाले. “पण ही ओळ लिहिणाऱ्याला शोधा. भीती त्याची वाटते.”

जबाब घेऊन मला जाऊ दिलं, पुन्हा बोलावलं तर यावं लागेल असं बजावून. ओळ लिहिणारा काही सापडला नाही. भाई त्या वर्षी ईदच्या आठवडाभर आधीच घरच्यांना गावी सोडून आले. मी ग्रुपवरचं चित्र काढून टाकलं. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं, कायद्यानेही नाही. कमिटीची नोटीस मात्र अजून लिफ्टशेजारी आहे. तिच्याबद्दल दुसरं चित्र काढायला मी दोनदा बसले, दोन्ही वेळा कागद कोराच राहिला.