टपावरच्या तंबूची डावी बाजू

बायकोनं घराबाहेर काढलं म्हणून तंबूकाका गाडीच्या टपावर झोपतात, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा कोणी आणली ते आता कोणीच कबूल करणार नाही. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणतो, मी न्हाव्याकडून ऐकलं. न्हावी म्हणतो, मी कशाला बोलू, माझ्या हातात वस्तरा असतो, मी ऐकायचं काम करतो. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई ओठांत टाचण्या धरूनच बोलतात, त्यामुळे त्यांचं साधं वाक्यसुद्धा गुपितासारखं वाटतं. "मी नाही हं पाहिलं. पण शिडी लावलेली होती. आणि उशी होती. आता उशी घेऊन माणूस गाडीवर कशाला चढेल, तुम्हीच सांगा."

उशी खरी होती. शिडीही खरी होती. बाकीचं सगळं खोटं. ज्या बायकोनं काकांना बाहेर काढलं म्हणे, ती तर काकांची लेक शाळेत होती तेव्हाच घर सोडून गेली होती आणि दुसऱ्या गावात तिचा नवा संसार झकास चालला होता. काकांकडे उरलं काय, तर तीन खोल्या, एक जुनी जीप आणि लेक. पुढे लेकही नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली. म्हणजे काकांना घराबाहेर काढायला घरात दुसरं माणूसच शिल्लक नव्हतं. ते रोज आपल्या पलंगावरच झोपत, दाराला आतून कडी घालून. टपावर चढले होते ते तंबू धुवायला.

तो तंबू म्हणजे एरवी जीपच्या डोक्यावर बसलेली एक चपटी पेटी. कव्हर काढून शिडी ओढली की अर्धी घडी उलटते आणि दोन माणसांची कापडी खोली उभी राहते. लेकीच्या पहिल्या पगाराच्या वेळी बापलेकीनं मिळून घेतला. दुकानातच लेकीनं जाहीर केलं, "डावी बाजू माझी. खिडकी तिकडे आहे. तुम्ही घोरायला लागलात की मला तोंड बाहेर काढता येईल." तेव्हापासून वर्षातून एकदा ती येई, दोघं तळ्याकाठी जात, एक रात्र टपावर काढत. बाकी वर्षभर काका त्या रात्रीच्या अलीकडे नाहीतर पलीकडे असत.

गेल्या खेपेला पहाटे दव इतकं पडलं की कापड पिळून घ्यावं. लेकीला गाडी गाठायची होती. दोघांनी तंबू ओलाच मिटला. ओला मिटला तर घरी येऊन लगेच उघडून वाळवायचा, हे तंबूवाल्याला कोणी शिकवावं लागत नाही. आणि काकांनी तर उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घातलेलं, तेलाचं फडकंसुद्धा वाळल्याशिवाय पेटीत न टाकणारा माणूस.

"घरी पोचलात की उघडा हं, बाबा."

"उघडतो."

नाही उघडला. कारण तंबू मिटायला दोन माणसं लागतात. एकानं खालून शिडीनं अर्धी बाजू उलटवायची, दुसऱ्यानं चाकावर चढून फुगून बाहेर येणारं कापड आत कोंबायचं. उघडला असता तर एकट्यानं मिटावा लागला असता. काका म्हणाले, उद्या बघू. मग पुन्हा उद्या. असं करत वर्ष गेलं.

आणि मग लेकीचा फोन आला. या शनिवारी येते, नक्की, अगदी नक्की. तंबू ठीक आहे ना?

"एकदम," काका म्हणाले, आणि फोन ठेवून चपला न घालताच खाली गेले.

शिडी ओढली तसा बंद कपाटातल्या ओल्या बुटांसारखा वास अंगावर आला. आत काळे ठिपके पडले होते, उजवीकडे थोडे, डावीकडे जास्त, कारण डावीकडे लेकीची ओली उशी तशीच राहिली होती. तंबू नासला असता तर दुसरा घेता आला असता. पण लेकीनं शनिवारी तंबूची ही ठिपक्यांची भिंत पाहिली असती, तर ती गेल्यावर बापाचं इथे कसं चालतं ते तिला न सांगता कळलं असतं. तेवढं कळू द्यायचं नव्हतं.

मग काका कामाला लागले. उशी आणि गादी खाली काढून उन्हात भिंतीला टेकवली. कोरड्या ब्रशनं आधी माती आणि बुरशीची भुकटी झाडली, नाकावर रुमाल बांधून. मग कोमट पाणी, नावापुरता साबण आणि स्पंज.

"ब्लीच ओता," शिंपीणबाईंनी खिडकीतून सुचवलं.

"कापडाचा जीव जाईल."

"मग घासा तरी जोरानं. गोंजारताय काय बाळासारखं."

"जोरानं घासलं की वरचा लेप निघतो. मग पाणी आत."

"तुम्ही आणि तुमचा लेप. माझा नवरा तर..." पुढचं टाचण्यांनी अडवलं.

ठिपक्यांवर काकांनी पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर लावलं, थांबले, पुसलं, परत लावलं. व्हिनेगर औषधवाल्याकडूनच आणलं होतं, त्यामुळे तोही पाहायला आला. "काका, वास लोणच्याचा येतोय. तळ्याकाठी जाणार की बरणीत?" काका हसले. हसता हसताच ते झिपकडे वळले. जुन्या टूथब्रशनं झिपचे दात साफ केले, त्यावर मेणबत्ती घासली, बिजागऱ्यांना तेलाचा थेंब दिला आणि तंबूखाली हात घालून प्रत्येक नट पान्यानं आवळला.

शिवणींवर मेण लावून झाल्यावर पाण्याची परीक्षा. यालाही खरं तर दोघं हवेत, एकानं वरून पाणी सोडायचं, एकानं आत बसून गळतं कुठे ते बघायचं. काकांनी पाइप भिंतीच्या खिळ्याला बांधला, नळ सोडला आणि धावत जाऊन आत बसले, हातात टॉर्च. ऐन दुपारी, कोरड्या अंगणात, एकाच जीपवर पाणी कोसळत होतं आणि आतून टॉर्चचा उजेड हळूहळू फिरत होता. कुठेच गळलं नाही. नळ चालूच राहिला, कारण काका आतून बाहेर यायलाच तयार नव्हते. शिंपीणबाईंनी अखेर जाऊन तो बंद केला. आत डोकावल्या तर काका उजव्या बाजूला, अंग चोरून बसलेले. डावी बाजू रिकामी.

"अहो, पसरा की. एकटेच आहात."

"सवय," काका म्हणाले.

कापड दोन दिवस सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून वाळवलं. मिटण्याचा प्रश्नही त्यांनी सोडवला. तंबूच्या कमरेला रबरी दोर ताणून बांधला की मिटताना कापड आपसूक आत ओढलं जातं. दुसऱ्या माणसाची गरजच नाही. युक्ती इतकी छान जमली की काका शिडी धरून तिच्याकडे नाराजीनं बघत उभे राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी हे सगळं लिहिणारी मुलगी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभी होती. ती वरून म्हणाली, "काका, झकास झालाय. ताई एकदम खूश होणार."

"नाही येणार ती."

"काहीतरीच. येणारच."

"फोनवर दोनदा नक्की म्हणाली. येते तेव्हा एकदाच म्हणते."

"लावा पैज."

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं. "लाव. हरलीस तर माझी नक्कल करायची, माझ्यासमोर. पाठीमागे करतेस म्हणे, शिंपीणबाई सांगत होत्या."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर काय, माग काय हवं ते. मी खुशीतच असणार."

शनिवारी जीप धुऊन पुसून तयार होती. पाण्याची कॅन, दोन घोंगड्या, दोन मग. काका बॉनेटला टेकून उभे होते तेव्हा फोन वाजला. बोलणं फार झालं नाही. फोन खिशात ठेवून त्यांनी वर पाहिलं आणि बोटानं खूण केली, ये खाली.

गॅलरीतली मुलगी खाली आली. पैज सोडून द्यावी असं तिला फार वाटत होतं, पण काका वाट बघत उभे होते. शिंपीणबाईंचं मशीन थांबलं. मुलीनं खांदे पाडले, कानाला हात लावला आणि आत्ताच गॅलरीतून ऐकलेलं त्यांच्याच आवाजात म्हटलं, "अगं नाही, नाही. काम आधी. ... मला? मला काय होतंय. ... हो, जेवतो की. ... तंबू? एकदम कोरडा आहे. ... बरं. ... बरं, ठेव."

काका लक्ष देऊन ऐकत होते, दुसऱ्याच कोणाबद्दल ऐकावं तसे.

"आवाज जमला," ते म्हणाले. "पण मध्ये मध्ये एवढी थांबत का होतीस?"

"तुम्ही थांबत होतात, काका."

काकांनी फडक्यानं बॉनेट पुसलं. ते आधीच स्वच्छ होतं.

"परत कर," ते म्हणाले. "या वेळी जरा लवकर बोल."