रूथचा पांढरा बिल्ला

मेलेल्या माणसांचं एक बरं असतं, ती भांडायला येत नाहीत. त्यांना शोधणारी जिवंत माणसं मात्र दर आठवड्याला भांडतात! आणि माझ्यासारखी बाई मधे बसलेली असली की तिच्याकडे किस्से साठत जातात, फ्रिजमधल्या उरलेल्या भाज्यांसारखे. कधीतरी बाहेर काढायलाच हवेत, म्हणून आज बसलेय.

आमचा ग्रुप इथला, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलचा. दर गुरुवारी सकाळी लायब्ररीच्या मागच्या खोलीत जमायचं आणि आपापल्या घराण्याची मुळं खणायची. मी तिथे कशी? माझी शेजारीण रूथ, वय ब्याऐंशी. तिने ड्रायव्हिंग बंद केलं आणि मला म्हणाली, "सीमा, गुरुवारी मला फक्त ड्रॉप करशील?" ड्रॉप करायला गेले ती तिथलीच झाले. ऑफिसचं काम घरूनच करते, त्यामुळे जमून जातं.

*

ग्रुपमधला सगळ्यात ताठ माणूस हॅरल्ड. रिटायर्ड इंजिनियर. आपला मूळपुरुष स्कॉटलंडचा कुणी लॉर्ड होता, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. एका गुरुवारी मूळपुरुष सापडला. शेजाऱ्याचं डुक्कर चोरल्याबद्दल कोर्टात उभा होता बिचारा!

हॅरल्डचा चेहरा एवढासा झाला. पण ग्रुपने टाळ्या वाजवल्या. का, तर कोर्टाचा पुरावा म्हणजे पक्का पुरावा, आता घराणं कुणाला खोडता येणार नाही. सगळे त्याला कॉंग्रॅच्युलेशन्स म्हणत होते.

रूथ मात्र हात चोळत म्हणाली, "माझे सगळे पूर्वज मेले प्रामाणिक! म्हणून तर कुठे सापडत नाहीत!"

*

ही रूथची गंमत होती, पण तिचं दुखणंही तेच होतं. ते आधी सांगते.

पेनफिल्ड म्हणून इथलं एक जुनं घराणं आहे, अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात होती तेव्हापासूनचं. दर उन्हाळ्यात त्यांचं संमेलन भरतं. गेटवर बिल्ले देतात. रक्ताच्या वंशजांना निळा, जावई-सुना-पाहुण्यांना पांढरा. रूथच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की आपली मर्सी नावाची पणजी-खापरपणजी पेनफिल्डांची लेक. थॉमस रीडला दिलेली. थॉमसची बायको मर्सी, एवढं सिद्ध होत होतं. ती पेनफिल्डांची, हे मात्र होत नव्हतं. बापाचं नाव कबरीच्या दगडावर असणार, आणि मर्सीची कबरच सापडत नव्हती ना!

"तुम्ही लोक मोठ्या घराला चिकटू बघताय," असं कुणीतरी रूथच्या आईला संमेलनात तोंडावर म्हणालं होतं. ती माउली जन्मभर शोधत राहिली आणि पांढऱ्या बिल्ल्यावरच गेली. तो बिल्ला रूथच्या पर्समध्ये असतो. तिने तो मला दाखवला, आणि मला त्या पेनफिल्डांचा असा राग आला म्हणून सांगू!

*

मग सोलापूरहून माझ्या सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी. घरी एकट्या कशा ठेवणार? त्याही गुरुवारी ग्रुपला!

पहिल्याच दिवशी हॅरल्डने आपला वंशवृक्ष टेबलावर पसरला. मी भाषांतर करत होते. एका ठिकाणी चुलत भावाबहिणीचं लग्न लागलेलं.

सासूबाईंनी डोक्याला हात लावला. "अगं बाई! काकाच्या पोराशी?" आणि हॅरल्डच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "झालं गेलं विसरून जा म्हणावं."

हॅरल्डने विचारलं, तुमच्यात मामाच्या मुलीशीही चालत नाही का?

"ते चालतं की!"

"मग यात लॉजिक काय?"

"लॉजिक नाही, पद्धत आहे!" सासूबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून त्यांनी त्याच्या क्रॅकरवर घातली. त्या दिवसापासून हॅरल्ड त्यांच्या शेजारचीच खुर्ची धरतो.

*

मधेच आमच्या लेकीला, सईला, डीएनए टेस्टची हुक्की आली. ग्रुपमध्ये सगळ्यांनी केली होती, मग हिने का मागे राहावं? नळीत थुंकली, पाठवली, दीड महिना वाट बघितली. रिझल्ट आला: पश्चिम भारत.

"दॅट्स इट?" सई ओरडली.

"एवढ्यासाठी थुंकलीस होय?" आजी म्हणाली. "मला विचारायचं, चहा पिता पिता सांगितलं असतं!"

*

आता रूथच्या मर्सीचं ऐका.

हॅरल्ड, रूथ आणि मी रीडांच्या शेतातलं कबरस्तान तीनदा पालथं घातलं होतं. थॉमस सापडला. त्याची दुसरी बायको सापडली. मर्सीचा पत्ता नाही. गुरुवारी आम्ही तोंडं पाडून बसलो होतो. सासूबाई लोकरीचं विणत होत्या. त्यांनी विचारलं, "लेकरू कधी झालं तिला?"

मी सांगितलं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. आणि तिसऱ्या वर्षी थॉमसने दुसरं लग्न केलं.

त्यांच्या सुया थांबल्या. "म्हणजे बाळंतपणातच गेली गं पोर. पहिलटकरीण! आणि पहिलं बाळंतपण सासरी करतं का कुणी? तुम्ही सगळे शहाणे सासरी काय शोधत बसलाय? माहेरी जा की!"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि अडकले. माहेरला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं? पेरेंट्स हाऊस म्हटलं, पण ते काही खरं नाही. शेवटी म्हणाले, "जिथे लेकीला सकाळी कुणी उठवत नाही, ते घर."

रूथने मूळ शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. मग म्हणाली, "माहेर. मला तिथे ने."

*

पेनफिल्डांचं जुनं कबरस्तान व्हर्जिनियाच्या हद्दीवर आहे. त्यांच्या लोकांनी तिथले सगळे दगड वाचून ठेवले होते. फक्त कोपऱ्यातला एक, झिजून सपाट झालेला, वाचता येत नाही म्हणून सोडून दिला होता.

सासूबाईंनी पिशवीतून रांगोळीचा डबा काढला. "ही चोळली की अक्षरं उठतील." हॅरल्ड एवढ्या जोरात "नो!" ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. दगडाला काही चोळायचं नाही, दगड खराब होतो. त्याने गाडीतून बाथरूमचा उभा आरसा काढला. उन्हात धरून त्याने प्रकाश दगडावर तिरका टाकला.

आणि सावल्या पडल्या! अक्षर अक्षर वर आलं. मर्सी. थॉमस रीडची पत्नी. खालच्या ओळीसाठी हॅरल्डने आरसा जरा वाकवला. जॉन पेनफिल्डची कन्या!

हॅरल्ड आरसा सांभाळत रडत होता. मी फोटो काढताना रडत होते. सासूबाईंनी दगडावर हात ठेवला. "सापडलीस गं बाई." आणि रूथने पर्समधून आईचा पांढरा बिल्ला काढून आकाशाकडे धरला आणि त्या सामसूम रानात ओरडली, "मॉम! वी आर ब्लू!"

*

फोटो गेले, तज्ज्ञांनी तपासले, पेनफिल्डांना मान्य करावं लागलं. उन्हाळ्यात आम्ही तिघी संमेलनाला गेलो. रूथने नवा ड्रेस घातला होता. सासूबाईंनी इरकल नेसली होती, कपाळाला ठसठशीत कुंकू.

गेटवरच्या बाईने रूथला निळा बिल्ला लावला. रूथ तो हाताने पुन्हा पुन्हा चाचपत होती. मला पांढरा मिळाला. मग त्या बाईने सासूबाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पांढऱ्यांच्या ट्रेकडे हात नेला.

"नो, नो," रूथ म्हणाली. "निळा."

बाई गोंधळली. "पण मॅम, या कुठल्या शाखेच्या?"

रूथने सासूबाईंच्या खांद्यावर हात टाकला, मान ताठ केली आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"शी इज फ्रॉम माय माहेर!"